जागतिक अभ्यासाचा तास शाळेत नसतो

पदवी कुणीतरी बसून तयार करतं, हे माझ्या सख्ख्या भावाला अजून पटलेलं नाही. त्याच्या मते पदव्या पहिल्यापासूनच आहेत. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., जसे सोमवार, मंगळवार, बुधवार. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी एक नवी पदवी तयार केली असं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे टाइप केली का?"

त्याचं अगदीच चुकलं नाही. टायपिंग पुष्कळ होतं.

मी तायडे. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कला महाविद्यालयात भूगोल शिकवत होते. नोकरीची बहुतेक वर्षं दुसऱ्यांनी ठरवलेलं शिकवण्यात गेली आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मग आमचं कॉलेज स्वायत्त झालं. पूर्वी अभ्यासक्रम विद्यापीठाकडून यायचा. तो चुकला तर शिव्या विद्यापीठाला बसत. स्वायत्त झाल्यावर अभ्यासक्रम आपणच करायचा, परीक्षा आपणच घ्यायची आणि शिव्याही आपल्याच वाट्याला. एवढा फरक सोडला तर इमारत तीच राहिली.

त्याच सुमारास बी.ए.चे वर्ग ओस पडायला लागले होते. प्राचार्य इंगळे साहेब कुठल्याशा मोठ्या शहरातल्या चर्चासत्राला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, दोन महिन्यांत एक नवी डिग्री लागते."

"कशाची?"

"ग्लोबल स्टडीज. जागतिक अभ्यास. त्यात सगळेच विषय बसले पाहिजेत. इतिहास, अर्थशास्त्र, भाषा, तुमचा भूगोल. आंतरविद्याशाखीय म्हणतात त्याला."

"मग मीच का?"

"नकाशे तुमच्याकडे आहेत ना."

नकाशे खरोखरच माझ्याकडे होते. मी कामाला लागले.

पहिला मसुदा मी सगळे करतात तसाच केला. तीन-चार मोठ्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम उतरवून घेतले आणि एकाला एक जोडले. अर्थशास्त्राचे गवई सर माझ्याबरोबर समितीत होते. अबोल माणूस. घर मोताळ्याला, त्यामुळे शनिवारी दुपारनंतर कॉलेजात कधी सापडायचे नाहीत. त्यांनी मसुदा घरी नेला आणि सोमवारी माझ्या टेबलावर ठेवला.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"चांगला हाये. पण हे वाचून असं वाटते, का जग आपल्या जिल्ह्याची हद्द संपल्यावर सुरू होते."

मी मसुदा पुन्हा चाळला. पहिल्याच पेपरात बंदरं, भुयारी रेल्वे आणि महानगरांतल्या स्थलांतरितांच्या वस्त्या होत्या. आमच्या मुलांपैकी निम्म्यांनी रेल्वेचा साधा डबाही आतून पाहिलेला नव्हता. तालुक्याच्या गावाला रेल्वेच नाही.

"मग काय करावं म्हणता?"

"शनिवारी माह्यासंगं मोताळ्याले चाला. एका माणसाले भेटवतो."

तो माणूस म्हणजे जमीलभाई, कापसाचे व्यापारी. दहावी पास. दुकानात गादी, तराजू आणि भिंतीला टेकवलेली कापसाची पोती. आम्ही गेलो तेव्हा ते मोबाइलवर काहीतरी पाहत होते. मला वाटलं, क्रिकेट. तो परदेशातल्या बाजाराचा भाव होता.

"रोज पाहता?" मी विचारलं.

"चहाच्या आधी. मॅडम, बोंड इथं फुटते, पण भाव तिकडे ठरते. तिकडे एखाद्या देशानं सूत घेणं बंद केलं का इकडे सरकी काढणारा जिनिंगवाला माह्या फोन उचलत नाही. जिनिंगवाल्यानं फोन नाही उचलला, का मी समोरच्या शेतकऱ्याले भाव कमी सांगतो. अन् समोरचा मले चोर म्हणते." मग ते गवई सरांकडे वळले. "सर, कॉलेजात पोरायले हे सांगत नाही का तुमी?"

"नाही," गवई सर म्हणाले.

"काऊन?"

गवई सर मोताळ्यालाच राहिले, मी परतीची बस धरली. त्या पदवीतला 'एका वस्तूचा प्रवास' हा पेपर त्या बसमध्येच ठरला. प्रत्येक मुलानं आपल्या घरातली किंवा गावातली एक वस्तू निवडायची आणि ती देशाबाहेर जाईपर्यंत, किंवा बाहेरून आली असेल तर उलट, तिचा माग काढायचा. नुसतं पुस्तकातून नाही, चालत जाऊन. उभ्या नोकरीत मी जे थोडं बरं काम केलं, त्यात हा पेपर धरते.

आता वाईट कामाकडे येते.

पदवीला श्रेयांक असतात. श्रेयांक म्हणजे शिकण्याचं माप. आठवड्याला एक तास असं सहा महिने शिकवलं की साधारण एक श्रेयांक. पदवीचे एकूण श्रेयांक ठरलेले. एका विषयाला जास्त दिले की दुसऱ्याचे कमी होतात. कमी झाले की त्या विभागाचे तास कमी, तास कमी झाले की शिक्षकाची जागा धोक्यात. त्यामुळे अभ्यासक्रमाच्या बैठकीत ज्ञानाची चर्चा होते असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी एकदा तिथे येऊन बसावं. भावाभावांच्या वाटणीत जशी बांधावरून बोलणी होतात, तशी होतात. आमच्याकडे एक गृहस्थ जगाच्या इतिहासाला चार श्रेयांक कमी पडल्यावर चहा न घेता निघून गेले.

मला भांडणं जमत नाहीत. मी फळ्यावर तक्ता काढला आणि सगळ्या विषयांना सारखं वाटून टाकलं. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. गवई सर तेवढे म्हणाले, "मॅडम, एखाद्या विषयाले तरी पोटभर द्या." मी म्हटलं, आंतरविद्याशाखीय म्हणजे हेच. बैठक वेळेच्या आधी संपली. प्राचार्यांनी माझं कौतुक केलं आणि मला ते आवडलं.

मग अभ्यासमंडळाची बैठक. त्यात बाहेरचा तज्ज्ञ लागतो. आमचे तज्ज्ञ पुण्याहून आले होते. सभ्य गृहस्थ, कागद बारकाईनं वाचणारे. 'एका वस्तूचा प्रवास' पेपरासाठी आम्ही जमीलभाईंचे महिन्यातून दोन तास ठेवले होते. तज्ज्ञांनी तिथे पेन्सिल टेकवली.

"यांची पात्रता?"

"व्यापार," मी म्हणाले. "अनुभवी व्यावसायिकाला तास देता येतो, असा नियम आहे."

"नियम आहे. पण पदवीच्या वर्गात बोलण्याची भाषा, मांडणी... एकदा भेटता येईल का?"

जमीलभाई बाहेर व्हरांड्यातच बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात डायरी. तज्ज्ञांनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "जागतिकीकरण म्हणजे काय, हे तुम्ही मुलांना कसं समजावून सांगाल?"

"साहेब, तो शब्द मले नाही येत," जमीलभाई म्हणाले. "पण सकाळी तिकडे भाव पडते, अन् दुपारी इथं माह्या दुकानात दोन माणसं एकमेकाच्या तोंडाकडे पाहत बसते. दोघायची चूक नसते. हे कसं होते, तेवढं मी सांगू शकतो. बाकी तुमचे सर सांगतीन."

तज्ज्ञांनी पेन्सिल उचलली आणि ते दोन तास तसेच राहिले. जेवताना ते जमीलभाईंच्या शेजारी बसले होते आणि डायरीतले आकडे समजावून घेत होते. श्रेयांकांच्या तक्त्यावर मात्र त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. कागद नीटनेटका होता. नीटनेटक्या कागदावर शंका घ्यायचं कुणाला सुचत नाही.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. वर्ग चालू व्हायला किमान वीस मुलं हवी होती आणि शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे सतरा होती. मी प्रवेशाच्या टेबलावर बसायचे. लोक माहितीपत्रक उलटंपालटं करून परत ठेवायचे.

अशात उंद्रीचे सुभाष मोरे आले. शिवणकाम करायचे, गळ्यात टेप तसाच राहिला होता. बरोबर मुलगी, पूनम. बारावीला चांगले गुण. मोरे माहितीपत्रक वाचत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

"मॅडम, मले एकच सांगा. हे शिकून पोरगी मास्तरीण होईन का? तिच्या मनात तेच हाये."

"हो," मी म्हणाले. "होईल ना."

मी काही तपासलं नव्हतं. बी.ए. म्हणजे बी.ए.; बी.ए. झालेली मुलं बी.एड. करतात आणि शिक्षक होतात, हे मी आयुष्यभर पाहत आले होते. शिवाय मला तीन मुलं हवी होती. त्या 'हो'मध्ये अज्ञान किती आणि गरज किती, हे मी नंतर बरेचदा स्वतःला विचारलं. वाटणी नीट करता आली नाही.

पूनमनं प्रवेश घेतला. दोन दिवसांनी जानेफळची निकहत आली आणि शेवटच्या दिवशी आणखी एक. वीस झाली.

ती तीन वर्षं चांगली गेली, हे खोटं नाही. दुसऱ्या वर्षी वस्तू निवडायच्या होत्या. मुलांनी सोयाबीन घेतलं, मोबाइलची बॅटरी घेतली, खजूर घेतला. पूनमनं केस घेतले. आमच्याकडे गावोगाव बायका येतात, विंचरताना गळलेले केस घेतात आणि बदल्यात भांडं देतात. हे केस जातात कुठे, असा तिचा प्रश्न. ती तीन दिवस त्या केसवालीबरोबर गावं फिरली, मग ती ज्या व्यापाऱ्याला केस विकायची त्याच्याकडे गेली, तिथून पुढच्या गोदामाचा पत्ता काढून फोनवर फोन केले. केस धुतले जातात, लांबीप्रमाणे वेगळे केले जातात आणि टोप करण्यासाठी परदेशी जातात, इथपर्यंत तिनं माग काढला. वर्गात मांडणी करताना तिनं शेवटी नकाशावर उंद्रीला टाचणी लावली आणि म्हणाली, "आमच्या गावच्या बाया कुठं कुठं जाऊन राह्यल्या, ते त्याईलेच माहीत नाही."

जमीलभाई मागच्या बाकावर होते. त्यांनी टाळी वाजवली आणि मग इकडेतिकडे पाहून हात खाली घेतला.

निकहतनं उर्दू शाळेच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत जगाचे नकाशे कसकसे बदलत गेले, ते पाहिलं होतं. तिचं काम पूनमइतकं रंगतदार नव्हतं, पण जास्त पक्कं होतं. ती वर्गात पहिली आली. तिलाही शिक्षकच व्हायचं होतं. विसांपैकी पाच जणांना व्हायचं होतं.

निकालानंतर महिन्या-दीड महिन्यात पूनम माझ्या घरी आली. मी निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. तिच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती. बसली नाही.

"मॅडम, बी.एड.ले नाही घेतलं."

"गुण कमी पडले?"

"गुण नाही. मले विचारलं, तुझा शालेय विषय कोणता. मी म्हटलं, जागतिक अभ्यास. ते म्हणे, शाळेत असा तास नसते."

मग तिनं बी.एड. कॉलेजच्या खिडकीवरच्या माणसानं सांगितलेलं सगळं सांगितलं. शाळेत शिकवायचा एक विषय पदवीला ठरावीक श्रेयांकांइतका झालेला लागतो. इतिहास कमी. भूगोल कमी. अर्थशास्त्र कमी. भाषा कमी. सगळं होतं आणि सगळंच कमी होतं.

मी गुणपत्रक हातात घेतलं. तो माझाच तक्ता होता, फक्त छापलेला. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. मी तिला पाणी आणून दिलं. त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही, कारण काय करायचं हे मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गवई सरांना फोन केला. त्यांच्या तोंडून मला 'मी तेव्हाच म्हटलं होतं' हे वाक्य ऐकावं लागेल अशी तयारी ठेवून केला होता. ते वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. "प्राचार्यांकडे कवा जाचं?" एवढंच विचारलं.

प्राचार्य इंगळे आधी म्हणाले, नियम त्या कॉलेजचा आहे, आपण काय करणार. मग म्हणाले, बोभाटा झाला तर पुढचे प्रवेश थांबतील. शेवटी म्हणाले, विद्या परिषदेपुढे ठेवू. विद्या परिषद म्हणजे आमच्याकडची शेवटची पायरी. तिथे मंजूर झालं की झालं. निवृत्त असूनही मला बोलावलं गेलं. मी उभी राहिले आणि सांगितलं की ही चूक माझी आहे, मी वाटणी करताना मुलांकडे पाहिलं नाही, विभागांकडे पाहिलं. जगाच्या इतिहासाचे गृहस्थ बराच वेळ चष्मा पुसत होते.

दोन गोष्टी मंजूर झाल्या. पुढच्या मुलांनी एक मुख्य विषय निवडायचा आणि त्याला पोटभर श्रेयांक. आणि पहिल्या तुकडीतल्या ज्यांना हवे असतील त्यांना एका विषयाचे जादा पेपर देऊन उणीव भरून काढायची. त्याला एक वर्ष लागणार होतं. भूगोलाचे जादा पेपर मी शिकवते म्हणाले.

मग मी उंद्रीला गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मोरे दुकानात शिवत होते. मी बसले, सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं नाही. बाहीची शिवण पूर्ण केली, दोरा तोडला आणि मग वर पाहिलं.

"मॅडम, तुम्ही हो म्हटलं म्हणून मी हो म्हटलं होतं."

"हो."

"एक साल जाईन?"

"जाईल."

"अन् मंग नक्की घेतीन?"

"नियमाप्रमाणे घ्यायला हवं. पण नक्की मी सांगू शकत नाही."

त्यांनी तोडलेला दोरा बोटाला गुंडाळला. "हे पह्यलेच असं सांगाचं होतं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. घरातून पूनमच्या आईनं चहा आणला. मी तो प्यायले. तो पिणं त्या क्षणी सोपं नव्हतं.

पाचांपैकी तिघं जादा पेपरांना आली. वर्ग सकाळी आठला, कॉलेजच्या जुन्या प्रयोगशाळेत. मी इतकं मन लावून आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं, कारण तिघांच्या चेहऱ्यावर समजलं-नाही समजलं लगेच दिसायचं. पूनम एकही दिवस चुकली नाही. तिला आणि आणखी एकाला पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. आता तिचं बी.एड. संपत आलं आहे, एका शाळेत सरावाचे पाठ घेते. तिसरा पेपर पास होऊनही दुसऱ्याच परीक्षांच्या नादी लागला.

न आलेल्या दोघांत निकहत होती. मी तिला फोन केला तेव्हा तिच्या मोठ्या भावानं उचलला. अदबीनं बोलला. "मॅडम, तीन साल तुमच्या भरोशावर दिले. चौथा नाही देत." फोन ठेवताना त्यानं सलामही केला. मी पुन्हा फोन केला नाही. करायला हवा होता का, हे मला आजही ठरवता येत नाही.

पदवी चालू आहे. आता तिच्या नावात कंसात मुख्य विषय असतो, आणि प्रवेशाला रांग नसली तरी वीसची चिंता नसते. बाहेरची दोन कॉलेजं आमचा अभ्यासक्रम मागून घेऊन गेली. श्रेयांकांचा तक्ता नवा आहे याची मी खात्री करून घेतली.

गेल्या नोव्हेंबरात मला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सरकारला अंगठा दाबून सांगावं लागतं. बँकेतल्या मशीननं माझा अंगठा घेतला नाही. इतकी वर्षं खडू धरल्यानं रेषा पुसट झाल्या असतील, असं तिथला माणूस म्हणाला आणि त्यानं मला बसस्टँडजवळच्या सेवा केंद्रात जायला सांगितलं. तिथली मुलगी जमवून देते म्हणाला.

ती मुलगी निकहत होती.

ती उठून उभी राहिली. "मॅडम, बसा." काउंटरपुढे बारावीची चार-पाच मुलं कसले कसले फॉर्म घेऊन उभी होती. त्यांना तिनं बाजूला केलं. मी बसले आणि समोर पाहिलं तर काचेवर हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला होता: 'कोणतीही नवी डिग्री घेण्याआधी कॉलेजला लेखी विचारा: यावर बी.एड. होते का? कोणत्या विषयात? किती श्रेयांक? पत्र कसं लिहायचं ते इथे मोफत सांगू.' अक्षर तेच, पक्कं.

तिनं माझी नजर पाहिली.

"मॅडम, ते तुमच्यावर नाही लिहिलं."

"माझ्यावरच आहे, निकहत."

"हाव," ती म्हणाली. "पण पोरायले कामी पडते."

"पत्र लिहून नेतात का मुलं?"

"नेतात. दोन कॉलेजनं उत्तरच नाही दिलं. मंग पोरं तिथं गेलेच नाही." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर, वर्गात एखादा अवघड नकाशा बरोबर भरल्यावर यायचं तसं काहीतरी येऊन गेलं. मग तिनं मशीन माझ्यापुढे सरकवलं, ओल्या कापडानं माझा अंगठा पुसला, कोरडा केला आणि स्वतःच्या बोटांनी वरून हलकेच दाबून धरला. एकदा नाही आलं. दुसऱ्यांदा नाही आलं. मागची मुलं चुळबुळ करत होती. तिसऱ्या वेळी मशीन वाजलं.

"झालं मॅडम," निकहत स्क्रीनकडे पाहत म्हणाली. "तुम्ही हयात आहात." आणि तिनं पुढच्या मुलाचा फॉर्म हातात घेतला.